बावळ्या मेलाच नाही

शेवटचं गाणं लागलं, पडद्यावर नावांची रांग वर सरकायला लागली, आणि तरीही तो मेला नाही. मोठी आई आपल्या हातवाल्या खुर्चीत ताठ बसली होती. मुठीत रुमाल होता, इस्त्रीचा, मुद्दाम काढून ठेवलेला, कारण आज शेवटचा भाग आहे हे तिला ठाऊक होतं आणि त्यात काय होणार हेही ठाऊक होतं. रडायचंच तर नीट रडावं. बाहीला नाक पुसणाऱ्यातली ती नव्हे. पण रुमालाची घडी मोडायच्या आत गोष्ट आटोपली. ढगळ विजारीतला, कायम एका बुटाची नाडी सुटलेला तो पोरगा आपल्या डोंगराएवढ्या यंत्राच्या खांद्यावर बसून सफरचंद खात राहिला, खाली गावातली माणसं कसल्याशा बक्षिसावरून एकमेकांशी भांडत राहिली, यंत्रानं आ वासून जांभई दिली आणि त्या वाऱ्यानं सगळ्यांच्या टोप्या उडाल्या. बस्स, एवढंच.

“संपलं?” मोठ्या आईनं विचारलं.

“संपलं,” जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली नात म्हणाली.

“मग तो मेला कधी?”

सुनेच्या हातातली शेंग सोलायची थांबली. दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला मुलगा एकदम आपल्या चपला बघायला लागला, जणू त्या आजच आणल्यात. मोठी आई सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत गेली आणि नातीच्या तोंडावर येऊन थांबली. पोरीचं नाव काहीही असो, घरात तिला टिटवीच म्हणत, कारण जन्मल्यापासून तिचा आवाज तीन घरांपलीकडे जायचा. आत्ता मात्र टिटवीचा आवाज बसला होता. आणि तो नेमका आजच बसावा; उद्या सकाळी ही पोर गोदीतल्या क्रेनवर पहिल्यांदा एकटी चढणार होती, आणि आजीनं अजून तिला ‘जा’ म्हटलं नव्हतं.

या घरात गोष्ट शेवटाकडून सुरू होते, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. सिनेमा असो, मालिका असो, नाहीतर शेजारच्या शिंपिणीनं आणलेली कोणाच्या घरातली बातमी असो, मोठी आई बसायच्या आधी एकच प्रश्न विचारते, मरतं कोण? सुनेला बिचारीला सगळं आधी चोरून बघून ठेवावं लागतं आणि मग भाजी चिरता चिरता सांगावं लागतं की आई, नायकाचा भाऊ जातो, पण मध्यावर जातो. मग मोठी आई म्हणते, मध्यावर म्हणजे ठीक, आणि बसते. अंधारात पाय टाकायची मला हौस नाही, खड्डा कुठं आहे ते कळू दे, मग मी दुडक्या चालीनंही जाईन, असं तिचं म्हणणं. आणि ज्या गोष्टीत कोणीच मरत नाही ती? ती तिला अळणी लागायची. फुकटचं हसू घरात आणू नये, त्याची भरपाई कोणाला तरी करावी लागते, असं ती म्हणायची आणि उठून भांडी आवरायला लागायची. भांड्यांचा आवाज असा काही करायची की बसलेल्यांचंही हसू घशात अडकावं.

तेव्हा टिटवीनं ही हलत्या चित्रांची गोष्ट लावली त्या दिवशीही मोठ्या आईनं दारातूनच विचारलं होतं. आणि टिटवीनं पापणी न लववता सांगितलं होतं, “तो मरतो, आजी. यंत्राच्या पोटात बसून ते चालवतो ना, तोच. शेवटच्या भागात.” मोठी आई म्हणाली, “एवढंसं पोर?” आणि खुर्ची पुढं ओढून बसली. पोरगा बावळट होता म्हणून तिनं त्याला बावळ्या म्हटलं, यंत्राचं पोट सुटलेलं होतं म्हणून त्याला ढोल्या. त्यांची खरी नावं काय ती नातीला ठाऊक. या घरात मोठ्या आईनं ठेवलेलीच चालली. ढोल्या म्हणे जुन्या कुठल्या लढाईसाठी बांधलेला, पण लढाई गोष्ट सुरू व्हायच्या आधीच संपून गेलेली. आता एवढ्या मोठ्या धुडाचं करायचं काय, म्हणून गावानं त्याला गटारं उपसायला, छपरावर गेलेले चेंडू काढायला आणि उन्हाळ्यात सावलीला उभा राहायला लावलेला. चालवायला कोणी मिळेना म्हणून बावळ्या नेमलेला.

मुलाला ही गोष्ट अजिबात आवडली नव्हती. तो औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागं उभा राहायचा, आणि लहानपणी मित्राच्या घरी जाऊन असल्या यंत्रांच्या लढाया डोळे फाडून बघितलेला. त्याला वाटलं आता तोफा निघतील, आता शहर पेटेल. दोन दिवस वाट बघितली आणि तो चिडला. “याला काय यंत्र म्हणायचं? झाडलोट करतंय नुसतं.” टिटवी म्हणाली, “बाबा, तुम्ही लढाईची वाट बघत बसता, म्हणून समोरचं दिसत नाही तुम्हाला.” “समोर काय आहे?” “कबुतरं आहेत.” आणि खरंच कबुतरं होती. ढोल्याच्या गुडघ्याच्या सांध्यात कबुतरांनी घरटं केलं, अंडी घातली, आणि पिल्लं उडेपर्यंत गुडघा वाकवायचा नाही असं बावळ्यानं ठरवलं. मग ढोल्या एक पाय ताठ ठेवून साऱ्या गावातून फरफटत चालला, आणि ज्याच्या त्याच्या कुंपणावर तो पाय. टिटवी जमिनीवर लोळून हसत होती. मोठी आई म्हणाली, “गप बसा दोघं. पोरगं चार दिवसांचं सोबती आहे, त्याला चाललंय ते करू दे.” आणि तिचे डोळे भरून आले होते. पायमोज्यांच्या वेळी तर तिनं हद्दच केली. बावळ्यानं पायमोजे धुऊन ढोल्याच्या बोटांवर वाळत घातले होते, तेवढ्यात कुठंतरी छप्पर कोसळलं म्हणून बोलावणं आलं, आणि ढोल्या दहा बोटांना पायमोजे फडफडवत धावला. सून हसली, शिंपीण हसली, दाराशी उभ्या मुलाच्याही मिशीखाली काहीतरी हललं. मोठी आई हुंदके देत होती. मरणाच्या दारात उभं पोर, आणि त्याचे पायमोजे अजून ओले, याचं कोणालाच काही नाही म्हणजे काय माणसं ही.

आणि आता तो मेलाच नव्हता.

“मी खोटं सांगितलं,” टिटवी म्हणाली. “तुला मरणाशिवाय गोष्ट चालत नाही, म्हणून. मला तुझ्याबरोबर बसून बघायचं होतं.”

मोठी आई उठली. सगळ्यांना वाटलं आता आभाळ कोसळणार. खोटं बोलली म्हणून सख्ख्या बहिणीशी अबोला धरून बसलेली बाई ही. बहीण दारावरून गेली तर दाराला कडी घालणारी. पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं. राग येईल म्हणून ती वाट बघत होती. राग हा तिचा जुना गडी, हाक मारायच्या आधी हजर व्हायचा. आज आला नाही. त्याच्याऐवजी भलतंच काहीतरी यायला लागलं. आधणाला बारीक बुडबुडे यायला लागले तसे तिच्या डोळ्यांपुढं ते पायमोजे आले, दहा बोटांना फडफडणारे, त्यातला एक अंगठ्याला भोक पडलेला. त्यात मरणाचं काही नव्हतं. कधीच नव्हतं. तो नुसता एक भोक पडलेला पायमोजा होता, आणि तो छप्पर कोसळलेल्या माणसाच्या तोंडावर जाऊन बसला होता. मोठ्या आईच्या पोटातून काहीतरी वर आलं, तिनं ओठ मिटून ते खाली ढकललं. मग कबुतरं आली. मग तो ताठ पाय, आणि अंगणात चहा पीत बसलेल्या नगराध्यक्षाच्या मांडीवर अलगद येऊन टेकलेली ती लोखंडी टाच. ती त्या वेळी ढसाढसा रडली होती. आता ओट्याला धरून उभी राहिली. उष्टावून टाकून दिलेलं काही पुन्हा ताटात यावं आणि गोड लागावं, तसं एकेक परत येत होतं. चित्रं तीच, गाणं तेच. फक्त शेवट काढून घेतला होता.

ओट्याशेजारी, भिंतीला लागून, एक कपाट उभं होतं. अवजड, लाकडी, पांघरुणांचं कपाट स्वयंपाकघरात कशाला, असं नवीन माणूस विचारायचं आणि घरातलं कोणीतरी त्याला डोळ्यांनी गप करायचं. कपाटामागं खिडकी होती. घर उतारावर, खिडकीतून थेट खाली गोदी दिसायची, गोदीतल्या क्रेन दिसायच्या, आणि त्यातल्या एकीच्या काचेच्या खोलीत, आभाळाला खिळा ठोकावा तेवढ्या उंचीवर, तिचा नवरा बसायचा. लग्न ठरलं तेव्हा मावशी कानाशी येऊन म्हणाली होती, क्रेनवाला करतेस, कर, पण एक मनाशी धर, तो आज ना उद्या पडणार. मावशीला काय, सगळ्याच गोष्टींचा शेवट आधी सांगून टाकायची सवय. मोठी आई तेव्हा मोठी नव्हती, आईही नव्हती, कोवळी पोर होती. तिनं ते मनाशी धरलं. घरात आल्या आल्या पहिल्यांदा खिडकी बघितली, खाली गोदी बघितली, आणि दुसऱ्या दिवशी कपाट तिथं सरकवून घेतलं. आपण बघितलं तर आपल्या बघण्याच्या भारानंच तो पडेल, असं तिला वाटायचं. कोणाला सांगितलं नाही कधी. असली भीती सांगायची नसते, सांगितली की तिला पाय फुटतात.

आणि हे रोज संध्याकाळी घरी यायचे, तेलकट हात साबणानं घासत गोष्टी सांगायचे. आज म्हणे मुकादमाची टोपी हुकाला अडकली आणि मी ती जहाजावर नेऊन ठेवली, कप्तान ती घालून सलाम ठोकायला लागला. आज म्हणे एक समुद्रपक्षी काचेवर येऊन बसला आणि सारा दिवस माझ्याकडं वरिष्ठासारखा बघत होता, मी घाबरून एक पेटी नीट ठेवली. गोष्ट सांगून झाली की तिच्या तोंडाकडं बघायचे. ती म्हणायची, वर असताना लक्ष कामात ठेवा. ते म्हणायचे, जी सरकार. तिला ते सरकारच म्हणायचे. रोज म्हणे काम सुरू करायच्या आधी मी सरकारला सलाम करतो, हूक खाली घेतो, वर घेतो, खाली घेतो, वर घेतो. ती म्हणायची, मध्ये कपाट आहे, सलाम कपाटाला पोचतो. ते म्हणायचे, मग कपाटाला म्हणावं सरकारला पोचव. ती हसायची नाही. पडणाऱ्या माणसाच्या विनोदाला हसायचं कसं? ती त्यांच्या सदऱ्याची बटणं तपासायची, डब्याचं झाकण दाबून बघायची, आणि मनातल्या मनात त्यांना रडून घ्यायची, हप्त्याहप्त्यानं, म्हणजे एकदम नको पडायला.

ते पडलेच नाहीत. नोकरीतून सुटले, भाजी आणायला जायला लागले, भाजीवाल्याशी भांडायला लागले, टिटवीला खांद्यावर बसवून आपण क्रेन झाले. आणि मग एका दुपारी, जेवणानंतरच्या झोपेत, उशीला गाल लावून गेले. तोंडावर असं काही की आता उठून काहीतरी सांगतील. त्या दिवशी मोठ्या आईला रडूच येईना. लोक म्हणाले धीराची बाई. धीर कसला? तिचं सगळं रडून झालेलं होतं, भलत्याच मरणासाठी.

आधण उतू गेलं. तिनं गॅस बंद केला आणि ओल्या ओट्याकडं बघत राहिली. मुकादमाची टोपी. कप्तान. ती टोपी घालून. तिला तो कप्तान दिसला, जसा त्या वेळी दिसायला हवा होता तसा, फुगलेल्या गालांचा, टोपी दोन बोटं लहान. तिच्या तोंडून आवाज निघाला. शिंकेसारखा होता, पण शिंक नव्हती.

“आजी, रडतेस?” टिटवी मागं येऊन उभी होती.

“रडते तुझी सासू. अजून व्हायची आहे ती.”

“मग रागावलीस.”

“तो आठवडाभर मी त्याच्या पायमोज्यांना रडले. माझी आसवं परत कर.”

टिटवी ओट्याला टेकली. हात उगाचच पुसत राहिली. मग एरवी ती बोलायची त्याच्या निम्म्या आवाजात म्हणाली, “आजी, मलाही तू तशीच रडतेस. क्रेनचं शिकायला घातलं तेव्हापासून. मी डबा भरला की रडतेस, बूट घातले की रडतेस. बोलत नाहीस, पण मला दिसतं. मी गंमत सांगायला लागले की तुझं तोंड असं होतं, जसं मी आत्ताच पडून आलेय.”

“उंच आहे ते.”

“आहे उंच. पट्टा असतो, कठडा असतो, जिना असतो. आणि मी बावळी नाही. पण तुझं ते तोंड घेऊन मला वर चढायचं नाही, एवढंच. बाकी तू जा म्हण नाहीतर नको म्हणू.”

मोठ्या आईला या पोरीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली, आणि तिचं डोकं छातीशी धरावंसं वाटलं, आणि दोन्ही न करता तिनं उतू गेलेला चहा फडक्यानं टिपला. आपल्याला कोणी असं बोललं नव्हतं. ह्यांनी तर कधीच नाही; हे आपले जी सरकार. मोठ्या आईला वाटलं, मावशी मरून इतकी वर्षं झाली तरी अजून आपल्या कानाशीच बसलेली आहे, मेली जागा सोडत नाही.

“ढोल्याचं पुढं काय होतं?” तिनं विचारलं.

“संपली ना गोष्ट.”

“संपली ते दिसलं मला. आंधळी नाही मी. पुन्हा लागते का पहिल्यापासून?”

“लागते. लावली की लागते.”

“मग उद्या संध्याकाळी लाव. कबुतरांपासून. मी ती नीट बघितलीच नाहीत.” मग जरा थांबून म्हणाली, “तू कामावरून आल्यावर.”

टिटवीनं आजीकडं बघितलं. मग बाहेर जाऊन आईला काहीतरी सांगताना तिचा आवाज तीन घरांपलीकडे गेला.

सकाळी पोर डबा घेऊन निघाली. मोठी आई दारात उभी राहिली. मावशी कानाशी बोलायची ती बोललीच. इतक्या वर्षांची मावशी, तिला एका रात्रीत काय समजावणार. तिनं पोरीची बटणं तपासली नाहीत, डब्याचं झाकण दाबलं नाही. हात रिकामे राहिले, ते तिनं कमरेवर ठेवले. टिटवीनं वाकून बूट घातले. मोठ्या आईचं लक्ष गेलं, एका बुटाची नाडी सुटलेली होती.

“नाडी बांध, बावळे,” ती म्हणाली.

पोर नाडी बांधता बांधता हसली आणि उतारावरून पळत गेली.

ती वळणाआड गेल्यावर मोठी आई घरात आली आणि दुकानाला निघालेल्या मुलाला म्हणाली, “ते कपाट सरकव.”

“कुठलं?”

“घरात दहा कपाटं आहेत का? ते.”

मुलानं बायकोकडं बघितलं, बायकोनं सासूकडं. पांघरुणं काढायला मोठी आई तयार नव्हती, तेवढा वेळ नव्हता म्हणे. मुलानं खांदा लावला, सुनेनं खालून ढकललं, मोठी आई मध्ये उभी राहून डावीकडं, अरे तुझ्या नव्हे माझ्या डावीकडं, असं ओरडत होती. कपाट एक पाय ताठ ठेवून फरफटत, कण्हत सरकलं. सून म्हणाली, “ढोल्याच आहे,” आणि जीभ चावली. कपाटामागं कोळ्याची जाळी होती, मुलाची लहानपणी हरवलेली पेन्सिल होती, आणि काच होती, इतकी मळलेली की खिडकी आहे की भिंत कळू नये. मोठ्या आईनं कमरेचा रुमाल काढला. कालचाच, इस्त्रीची घडीसुद्धा न मोडलेला. तिनं घडी झटकली आणि काच पुसायला लागली. रुमाल काळा झाला, उलटा केला, पुन्हा काळा झाला.

खाली गोदी होती. तिला आठवत होती त्याहून लहान होती. आणि क्रेन चार-पाच, कुठली कोणाची ते कळेना. मग एकीच्या जिन्यावरून एक ठिपका वर चढताना दिसला. मोठ्या आईनं खिडकीचं लाकूड धरलं. डोळे मिटावेसे वाटले, ते तिनं मिटू दिले नाहीत. भार पडायचा तर पडो, पट्टा आहे, कठडा आहे. ठिपका चढला, थांबला, चढला, काचेच्या खोलीत शिरला. काही झालं नाही. काही न होणं इतकं लांबलचक असतं आणि त्यात इतकं बघण्यासारखं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पाण्यावर ऊन होतं. एक समुद्रपक्षी त्या काचेच्या खोलीवर येऊन बसला.

मग क्रेनचा हूक हलला. सावकाश खाली आला. वर गेला. खाली आला. वर गेला.

“ती तपासणी असते, आई,” मागून मुलगा म्हणाला. “काम सुरू करायच्या आधी रिकामा हूक खाली-वर करून बघतात. बाबाही करायचे. नियम आहे तो.”

“तुला कोणी विचारलं? तू लढाई बघ जा.”

तिनं काळाकुट्ट रुमाल वर केला आणि खिडकीत हलवला. एवढ्या लांबून तो कोणाला दिसणार नव्हता. कपाटाला पोचायचे ते सगळे सलाम आता एकदम खोलीत आल्यासारखे वाटले, आणि त्यांच्यामागोमाग ते हसू, कालपासून ओठांत धरून ठेवलेलं. ते आलं, आणि तिनं येऊ दिलं. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले.

सून चहाचा कप घेऊन धावत आली. “काय झालं आई? काय दिसतंय?”

“काही नाही,” डोळे पुसायला रुमालाचा एकही स्वच्छ कोपरा सापडेना म्हणून मोठी आई बाहीलाच डोळे पुसत म्हणाली, “ढोल्या जांभई देतोय.”